आखाजीचा मुराळी

धुळे, २ फेब्रुवारी

सौ. पुष्पास,

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण नूतन फोन स्पीकरवर ठेवते आणि आपण दोघं आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखे बोलतो. बरे आहात ना, बरा आहे, जेवलात का, जेवलो. एवढ्यासाठी बायको कशाला हवी? म्हणून पत्र. वाच आणि नूतनच्या हाती लागू देऊ नकोस. मुलीनं वाचावं असं यात काही नाही.

नूतनचा पाय मोडला म्हणून दिवाळी होताच तू जळगावला गेलीस. योग्यच केलंस. पाय सांधला, पोरगी कॉलेजात शिकवायला जाऊ लागली. जावईबापू समाधान स्वतः सांगत होते की ती आता जिने चढते. मग संक्रांतीला तू का आली नाहीस, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. मी तिळगूळ विकत आणला. पोरांना वाटला. राहिलेला मुंग्यांनी नेला.

सोसायटीतल्या बायकांबरोबर गुरुवारी दया निवासात पोळ्या लाटायला जाते, असं तू म्हणाली होतीस. मी म्हटलं, जा. ख्रिस्ती सिस्टर स्टेशनावरची, बसस्थानकावरची, कुणीच नसलेली माणसं उचलून आणतात, न्हाऊ घालतात, जखमा धुतात, यात वाईट म्हणण्यासारखं काय आहे? पण गुरुवारचा रोज कधी झाला? आणि नूतन म्हणते ते खरं का, की पोळ्या आता दुसऱ्या बायका लाटतात आणि तू कुण्या एका आबाला भरवत बसतेस?

मी सहज विचारतो. माझं काही म्हणणं नाही.

इथं सगळं ठीक आहे. काल डाळ थोडी लागली. वरची चांगली होती.

गिरधर


धुळे, ५ मार्च

सौ. पुष्पास,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून तसंच आहे, ओळ सोडून वर चढणारं. बरं वाटलं. मग वाचलं, तेव्हा बरं वाटेनासं झालं.

दोन पानांत माझ्याविषयी चार शब्द, 'तब्येतीला जपा, गोळ्या घ्या', आणि बाकी सगळा आबा. तो भुसावळ गाडीच्या फलाटावर सापडला. पायाच्या जखमेत किडे होते. सिस्टर सरितांनी तोंडाला फडकंसुद्धा न बांधता ते काढले. दया निवासात पहिल्या दिवशी कुणाला नाव, गाव, जात विचारायची नाही अशी रीत आहे. आधी आंघोळ, मग जेवण, नाव नंतर. याला नंतर विचारलं तर नावच आठवेना. म्हणून आबा. हे वाचताना मी हातातला चहा बाजूला ठेवला, मी काही दगड नाही. पण पुढं तू लिहितेस, तो कुणाच्या हातचं खात नाही, तोंड मिटून घेतो, आणि तू घास धरलास की लहान लेकरासारखं तोंड उघडतो.

पुष्पा, दीपनगरच्या वीज केंद्रात मी टर्बाइनशेजारी आयुष्य काढलं. दुसरी पाळी करून घरी यायचो तेव्हा कानात नुसती घरघर असायची. तू ताट झाकून झोपलेली असायचीस. मी झाकण उघडून जेवायचो. मला कुणी घास भरवला नाही, मी मागितलाही नाही. माणसाचे हात चालतात हा त्याचा गुन्हा असतो का?

आणि स्वेटर. थंडीत आबा कुडकुडत होता म्हणून तू बरोबर नेलेला माझा राखाडी स्वेटर त्याला दिलास असं तू सहज लिहून टाकलंस. तो दीपनगरच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून तू स्वतः विणला होतास. चिमणीची राख लोकरीवर पडायची आणि तू झटकत विणायचीस. मी त्या दोन सुयांकडे बघत शाळेतल्या कविता म्हणायचो. तू म्हणायचीस, पुरे करा, टाके चुकतात.

बाकी ठीक. स्वयंपाकाला बेबाबाई येतात. त्यांच्या हातची शेवभाजी फार उत्तम. स्वभावानंही चांगल्या आहेत. माझी कविता त्या पूर्ण ऐकून घेतात.

गिरधर


धुळे, २३ मार्च

सौ. पुष्पास,

शेवभाजीच्या मसाल्यात बेबाबाई काय घालतात एवढंच विचारलंस. बस. दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही. कळवतो. सुकं खोबरं आणि खसखस. आणि त्या सत्तरीच्या आहेत, आणि कविता ऐकतात कारण त्यांना ऐकू कमी येतं.

आता तुझ्या पत्रातल्या त्या एका ओळीविषयी. तू ती मध्येच घातलीस, दोन कामांच्या ओळींत दडपून, मला दिसणार नाही अशी. 'आबा मला कोकिळा म्हणतो, त्याची बायको असावी, मी हो म्हणते.'

मी हो म्हणते!

कोकिळा! शाळेच्या पुस्तकात वसंताच्या कवितेतून त्या पाखराला किती वर्षं ऐकत आलो मी. वाटायचं, केवढं गोड नाव. आता अंगणातल्या कडुनिंबावर खरी कोकिळा ओरडते तर चप्पल भिरकवावीशी वाटते. परवा भिरकावली. शेजारच्या इंदिराबाईंच्या वाळवणात पडली. बिबड्यांवर. त्यांनी मला जे ऐकवलं ते लिहीत नाही.

तू म्हणशील, तो भ्रमिष्ट आहे, त्याच्याशी कसली बरोबरी. मला कळतं. दिवसा सगळं कळतं. मी स्वतःला समजावतो, गिरधर, त्याच्याकडे घर नाही, गाव नाही, नाव नाही. मग वाटतं, पण पुष्पा आहे. आणि माझ्याकडे घर आहे, गाव आहे, पेन्शन आहे, दारावर पितळी पाटी आहे.

अक्षय्यतृतीया जवळ येते आहे, आपली आखाजी. तोवर ये. मी हुकूम करत नाही. आजवर कधी केला? पण आखाजीला घर उघडं पाहिजे आणि घरात तू पाहिजेस. बाकी आबाचं बघायला सिस्टर आहेत. त्यांनी त्यासाठीच संसार सोडलाय. तू सोडलेला नाहीस.

गिरधर


धुळे, ११ एप्रिल

सौ. पुष्पास,

मी साक्रीला तोतारामकडे गेलो होतो असं नूतनला सांगितलं. गेलो नव्हतो. मी जळगावला आलो होतो.

तुला भेटायला नाही. त्याला बघायला.

एसटीतून उतरून रिक्षा केली आणि दया निवासाच्या मागच्या दारानं आत शिरलो, चोरासारखा. ओट्यावर बसलो. धुळीनं कपडे मळलेले, दाढी वाढलेली. ती मी महिनाभर मुद्दाम वाढवली होती, तुला कुणी कळवेल म्हणून. कुणी कळवलं नाही. तेवढ्यात सिस्टर सरिता आल्या. काळ्यासावळ्या, बुटक्या, बाह्या वर सरकवलेल्या. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "आंघोळ करायची का काका? पाणी गरम आहे." मी म्हटलं, नको, मी घरून करून आलोय. त्या म्हणाल्या, "सगळे तसंच म्हणतात." आणि माझ्यापुढे बटाट्यांचं घमेलं ठेवलं. "बसलाच आहात तर सोला."

नाव विचारलं नाही. पहिल्या दिवशी विचारत नाहीत.

मी बटाटे सोलले. तिथून खिडकीतून पुरुषांचा हॉल दिसतो. खाटांची रांग, भिंतीवर क्रूस, खाली तुळशीची कुंडी, ती कुणी ठेवली कोण जाणे. शेवटच्या खाटेवर तो. एवढासा माणूस. मी कुणीतरी उंच, देखणा असेल असं धरून चाललो होतो. त्याच्या अंगावर माझा स्वेटर, एप्रिलच्या उन्हात. तू निळं लुगडं नेसली होतीस. त्यानं तोंड मिटलं. तू घास खाली ठेवलास आणि कविता म्हणायला लागलीस.

पुष्पा, तू. कविता.

पाचवीच्या पुस्तकातली, घरी परतणाऱ्या पाखरांची. पहिलं कडवं म्हटलंस, एक घास. दुसरं म्हटलंस, एक घास. तिसरं कडवं मला कधीच आठवत नसे, म्हणून मी पदरचं घुसडलं होतं, तरुणपणी, आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. तू तेही म्हटलंस.

दूर दिसे ते घर इवलेसे,
दारी त्याच्या दिवा कुणाचा?
थकल्या पंखा कसे कळावे
हा परक्याचा की अपुल्याचा?

एक शब्द इकडचा तिकडे नाही. भिंतीकडे तोंड करून झोपायचीस ना तू? मी म्हणत राहायचो आणि मग दिवा घालवायचो, कारण मला वाटायचं कोणी ऐकत नाही.

सुरी बोटाला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. मग वाटलं, जे माझ्यासाठी एकदाही तोंडातून काढलं नाहीस ते त्याच्या घासाबरोबर देतेस. माझं कडवं, माझ्या बायकोच्या तोंडून, माझ्या स्वेटरातल्या माणसाला. आणि तो मान डोलावत होता, जणू त्यानंच रचलंय.

मी घमेलं तिथेच ठेवून निघालो. फाटकाजवळ सिस्टरांनी हाक मारली, जेवून जा म्हणाल्या. मी थांबलो नाही. बसमध्ये फार भूक लागली.

गिरधर


धुळे, २२ एप्रिल

पुष्पा,

आज 'सौ.' लिहीत नाही. का, ते तुला माहीत आहे.

परवा मी उघडपणे आलो. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, तुला न्यायला. नूतनला सांगून आलो. हॉलमध्ये सरळ त्या खाटेपाशी आलो. सिस्टर सरिता म्हणाल्या, अरे, बटाटेवाले काका, तर तू हसलीसही नाहीस. तुझ्या हातात वाटी होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि विचारलं, "कोकिळा, हाऊ कोन शे?"

मला वाटलं, आता सांगशील. चाळीस वर्षांचा संसार आहे, एक शब्द तर सांगायचा आहे.

आणि तू म्हणालीस, "मना भाऊ शे."

मग त्याचा चेहरा. तो तुला तिरका दिसला असेल, मला समोरून दिसला. दिवा लावावा तसा. त्यानं खाटेवर माझ्यासाठी जागा केली, स्वतः आखडून बसला, उशी माझ्याकडे सरकवली. "पाव्हना, बस. बहीणले लेवाले ऊना का?" म्हणाला, आणि बोळक्या तोंडानं हसला. "इतला उशीर काबर कया रे?"

मी उठून बाहेर आलो. तू फाटकापर्यंत आलीस. तिथे आपलं जे बोलणं झालं ते मी बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हटलं, पाठ असलेल्या कवितेसारखं.

तू म्हणालीस, "अहो, नवरा म्हणाले असते तर तो जेवला नसता."

मी म्हणालो, "आणि भाऊ म्हणालीस तर मी जेवेन?"

"तुम्ही जेवता," तू म्हणालीस. "रागावूनसुद्धा जेवता. तो मरेल."

आणि परत आत गेलीस.

दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. बेबाबाईंना खाणाखुणांनी सांगितलं, त्यांना ते सोयीचंच झालं. तुझ्यावर चिडलो, त्याच्यावर चिडलो, सिस्टरांच्या देवावरही चिडलो, ज्यानं जगातली सगळी अनोळखी माणसं माझ्याच बायकोच्या पदरात घालायचं ठरवलंय. भाऊ! राखी घेऊन ये आता.

मग आज सकाळी अंगणात इंदिराबाईंचा गडी कडुनिंबाला झोका बांधत होता. त्यांच्या मुली येणार, आखाजीला. एकीला आणायला थोरला मुलगा मुराळी म्हणून निघाला होता, नवी टोपी घालून. मी ओट्यावरून बघत राहिलो आणि मला तुझा भाऊ ज्ञानेश्वर आठवला. दर आखाजीला नरडाण्याहून दीपनगरला यायचा तुला न्यायला. मी मुद्दाम पेपर वाचत बसायचो. तो पाणी प्यायचा, चहा प्यायचा, माझ्या बुटांची तारीफ करायचा, आणि शेवटी म्हणायचा, दाजी, अक्काला नेऊ का? मग मी पेपर घडी घालून, फार मोठं मन केल्यासारखा, चार दिवस म्हणायचो. तू आतून दारामागून बघायचीस.

मुराळ्याला कुणी नाही म्हणत नाही, पुष्पा. खान्देशात तरी नाही. नवरा मागायला आला तर तो माणूस मरेल. भाऊ मागायला आला तर तो फक्त ऐट करेल.

२८ तारखेला येतो. टोपी विकत घेतली आहे. लोक हसले तर हसू देत. पण लक्षात ठेव, हे मी आनंदानं करत नाही. दात ओठ खाऊन करतो आहे.

गिरधर


धुळे, २ मे

ति. दाजींस, साष्टांग नमस्कार.

हे पत्र आमचे जावई समाधान आज संध्याकाळी धुळ्याहून परतताना घेऊन येतील. सिस्टर सरिता तुम्हाला वाचून दाखवतील. सिस्टर, शुद्ध मराठी त्यांना जड जाईल, जिथं अडेल तिथं आपल्या अहिराणीत सांगा.

दाजी, तुम्ही मला त्या दिवशी ताटकळत ठेवलंत. मी टोपी घालून, गुळाची ढेप घेऊन तुमच्यापुढे बसलो. तुम्ही पाणी मागितलंत. मग घरी झोका बांधलाय का ते विचारलंत. मग आंबे कुठले, रस किती. मग डोळे मिटून पडून राहिलात. सगळा हॉल बघत होता. पलीकडच्या खाटेवरचे सुकलाल म्हणाले, दे रे बाबा, पाव्हन्याच्या तोंडाला फेस आला. मी हात जोडले. खरे जोडले. आयुष्यात वरिष्ठांपुढेसुद्धा जोडले नव्हते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "ली जाय. चार रोज. मंग लई येजो."

कोकिळेनं विचारलं, मग तुम्हाला कोण भरवणार? तुम्ही म्हणालात, "मी जेवसू." आणि सिस्टरांनी काल फोनवर सांगितलं की तुम्ही जेवता. तिच्या हातचं नसूनही जेवता, शब्द दिला म्हणून. हे ऐकून मला जे वाटलं ते तुम्हाला कळवण्यासारखं नाही. कोकिळा मात्र रडली. मग तुम्हाला पाठवायच्या पुरणपोळ्यांत तूप जास्त घातलं. मी मोजलं नाही, पण बघितलं.

ती आली तेव्हा घराची दारं-खिडक्या सगळी उघडली. खापरावर पोळ्या केल्या. झोक्यावर बसली, इंदिराबाईंच्या मुलींनी हसून झोका दिला, ती ओरडली. पहिले दोन दिवस मी तिच्याशी फार बोललो नाही. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाशी काय बोलणार? तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसून पाखरांची कविता म्हणायला घेतली. ती भांडी घासत होती. तिसऱ्या कडव्याला मी मुद्दाम थांबलो. भांड्यांचा आवाज थांबला. आतून तिनं पुढची ओळ दिली. मग पुन्हा भांडी.

आता मुद्द्याचं. आज चौथा दिवस. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं असं ठरलं होतं. पण सकाळी कणीक मळताना, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "अजून दोन दिवस राहू का?" मी लगेच हो म्हणणार होतो. मग म्हटलं, हे विचारायचं तुम्हाला. शब्द मी तुम्हाला दिलाय. ती म्हणाली, मग विचारा.

म्हणून विचारतो. दाजी, बहिणीला दोन दिवस जास्त ठेवू का? रविवारी सकाळी मी स्वतः घेऊन येतो. आणि मुराळी बहिणीला पोचवून लगेच फिरत नाही, दोन-चार दिवस राहून जातो, ही रीत तुम्हालाही माहीत असेल. माझ्यासाठी खाट लागणार नाही. बटाटे सोलीन. सिस्टर, हे तुमच्यासाठी आहे.

आता शेवटचं एक, आणि सिस्टर, हे वाचायच्या आधी हॉलमध्ये नूतन किंवा समाधान असतील तर त्यांना चहाला पाठवा. दाजी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही असं सगळे म्हणतात, म्हणून तुम्हालाच विचारतो. ती तुमच्यापाशी बसते, कविता म्हणते, घास देते. तेव्हा मध्येच कधी, धुळ्याच्या माणसाची आठवण काढते का? काढत असेल तर काय म्हणते? आणि काढत नसेल तर तेही सांगा, पण हळू आवाजात सांगा.

उत्तराची वाट बघणारा,
कोकिळेचा भाऊ
गिरधर